साहेबांच्या विमानातला आवाज

साहेबांनी चार जण बसतील असं जुनं विमान घेतलं आणि त्यांचे कान दुखायला लागले. शेजारच्या पाहुण्याशी बोलायचं तर बोंबलावं लागायचं, आणि बोंबलून कुठं सौदा होतो का?

शेंद्र्याला साहेबांचा गाड्यांचे दरवाजे बनवायचा कारखाना. मी तिथं पत्र्याच्या प्रेसवर फोरमन. प्रेसवरच्या माणसांना कान झाकायचे मफ द्या, असे तीन वर्षं अर्ज करत होतो. माझा उजवा कान तर कधीच गेला. साहेब म्हणायचे, "अरे, सवय होते." आता त्यांना अर्ध्या तासाची सवय होईना! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला बोलावणं आलं, "दरवाजातलं तुला कळतं, विमान शांत करून दे." प्रेसवरचे सगळे म्हणाले, "साहेब खूष झाले की मफचं तेवढं काढा." मी शब्द दिला.

चिकलठाण्याला विमानतळावर गेलो, तर विमानाच्या आत गादीघर! साहेबांनी आधीच एका सीट कव्हरवाल्याला धरून जिकडंतिकडं फोम ठासून घेतला होता. विमानाचे म्हातारे इंजिनियर, सगळे त्यांना चाचा म्हणत, कपाळाला हात लावून उभे. त्यांनी फोमचा तुकडा लांब नेऊन त्याला काडी लावली. भसकन पेटला. वर म्हणाले, "और इत्ता वजन भरे तो एक जन कू नीचेच छोड़ना पड़ता. साब रहते क्या नीचे?" फोम सगळा निघाला.

मग मी आमची रोजची तपासणी केली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. सुळकन बाहेर! दाराचं रबर वाळून लाकूड झालं होतं, तिथूनच वारा शिट्ट्या मारत आत यायचा. चाचांनी विमानाचं मंजूर रबर मागवून बसवलं. इंजिनाचा आवाज काय जायचा नाय, म्हणून साहेबांना माइकवाला हेडफोन घालायला लावला. आधी ते घालत नव्हते. केस बिघडतात म्हणे!

पहिल्या फेरीला साहेब पुढं पायलटशेजारी बसले, मलाही हेडफोन देऊन मागं बसवलं. वर गेल्यावर साहेब हरखून गेले. माझ्या हेडफोनात त्यांचा आवाज आला, "वा रे पठ्ठ्या! तू मागं खोकलास तेसुद्धा ऐकू आलं. त्या गोंगाटात माझं डोकंच चालायचं नाही. इतका आवाज माणसानं सोसायचा तरी कशाला?"

म्हटलं, हीच वेळ. बोललो, "साहेब, आपल्या प्रेसवरची माणसं आठ-आठ तास सोसतात. तेवढे मफ जर..."

साहेबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, मागं वळले आणि ओरडले, "लई आवाज आहे रे इथं! काही ऐकू येत नाही!"

असा संताप आला म्हणता, पण विमानातून उतरून जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी प्रेसवर सगळे भोवती जमले. "झालं का काम?"

"झालं," मी म्हटलं. "विमानाचं."