एकच माणूस असल्याचा दाखला

'दोन उखळं' छाप चहाचा कारखाना शेअर बाजारात उतरणार, ही बातमी कळली तेव्हा जावातलं अख्खं स्लावी गाव खूश होतं. एकटी बू निंग, म्हणजे निंगबाई, सोडून. मालकांचं काय, त्यांना कोट घालून फोटो काढून घ्यायचे होते. दप्तराच्या कपाटाची किल्ली मात्र छत्तीस वर्षं निंगकडे होती, आणि जकार्ताहून आलेल्या वकीलबाईंना त्या कपाटातला कागद न् कागद हवा होता.

वकीलबाईंचं नाव किनांती. वय तिशीच्या आत, पण जिभेला लगाम नाही. स्थापनेचा दस्त आणा, त्यातली प्रत्येक दुरुस्ती आणा, कुणावर खटला नसल्याचे दाखले आणा, कोण कुणाचा मेहुणा लागतो त्याचे जबाब आणा. बरं, नुसते आणून भागत नाही! प्रत्येक जबाबावर दहा हजार रुपियांचं मुद्रांकाचं तिकीट चिकटवायचं आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर यायला हवी. हात जरा सरकला की कागद बाद. निंगच्या हातून मात्र आजवर एकही कागद बाद झाला नव्हता. त्याचा तिला ताठा होता, आणि तो असायलाच हवा.

तिसऱ्या दिवशी किनांतीचं बोट एका ओळीवर थांबलं.

"भागधारक क्रमांक चार. सुतिक्नो, दोन टक्के. हे कोण? कुठे असतात?"

"चहात मोगरा मिसळायचा," निंग म्हणाली. "आता कुठे आहे, ठाऊक नाही."

"बू, ठाऊक नाही हे उत्तर नियामक कार्यालय घेत नाही. संस्थापक भागधारक आहेत ते. त्यांची सही नाही तर अर्ज पुढे सरकत नाही."

निंगनं चष्मा पुसला.

सुतिक्नोचं नाक असं होतं की बंद पेटीवरून सांगायचा, मोगरा पहाटे खुडलाय की ऊन चढल्यावर. थोरल्या मालकांनी कंपनी कागदावर आणली तेव्हा त्या नाकापायी त्याला दोन टक्के दिले. आणि निंगला, बावीस वर्षांच्या पोरीला, त्यानं शब्द दिला होता. पण निंगला होती थोरली बहीण, आणि तिचं जमेना. थोरली बसलेली असताना धाकटीनं बोहल्यावर चढायचं नाही, यावर निंगचा बाप ठाम. तीन वर्षं सुतिक्नो थांबला. शेवटी एकोणनव्वद साली तो वोनोगिरीच्या डोंगरात मामाकडे निघून गेला. जाताना बापाच्या देखत म्हणाला, "तोवर मी पत्र टाकणार नाही, तुमच्या घराला बोल नको. थोरलीचं झालं की दिक निंगनं मला एक पत्र टाकावं. मी येतो." लाडानं तो तिला दिक, म्हणजे धाकटी, म्हणायचा.

थोरलीचं लग्न ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये झालं. निंगनं पत्र लिहिलं. मुलीचं पत्र म्हणून मामाच्या घरी कुणी फोडू नये, म्हणून कंपनीच्या पाकिटात घातलं. महिन्याभरात ते परत आलं, न फोडता. वर पोस्टमननं लाल शाईत लिहिलं होतं, 'या नावाचं इथं कोणी नाही.'

पत्ता बरोबर, गाव बरोबर, माणूस तिथंच गेलेला. मग असं कोण सांगणार? तोच! तिनं तेव्हाच ठरवून टाकलं की त्यानंच पोस्टमनला सांगून पत्र परत धाडलं. अगं बये, मग एकदा जाऊन तोंडावर विचारायचं ना! पण नाही. परत आलेल्या पत्रामागं जायला तिचा मान आडवा आला. पुढं कंपनीच्या वार्षिक सभेची बोलावणी दरवर्षी त्याच पत्त्यावर गेली आणि दरवर्षी त्याच शेऱ्यानं परत आली. निंगनं ती तारखेवार लावून एका गठ्ठ्यात बांधली. तिचं पत्र सगळ्यांत खाली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दप्तर कोण बघेल?" आणि मनात एकच गोष्ट कुरतडत राहायची: त्यानं असं का केलं?

किनांतीनं जुना फोटो देऊन जाहिरात टाकली. आठव्या दिवशी वोनोगिरीहून एका मुलीचा फोन आला. फोटो माझ्या वडलांचा आहे, पण नाव भलतंच छापलंय.

"त्यांच्या ओळखपत्रावर नाव आहे स्लामेत," गाडीत किनांती सांगत होती. पुढच्या सीटवर नोटरी घोरत होते. "म्हणजे सुतिक्नो आणि स्लामेत हा एकच माणूस, असा दाखला लागणार. ग्रामप्रमुखांची सही घेतलीय. पण जुन्या नावानं ओळखणारा साक्षीदार हवा. ती तुम्ही." मग निरखून म्हणाली, "बू, आज पावडर लावलीत?"

"घाम येतो म्हणून."

"एवढ्या एसीत?"

"तू आपले कागद बघ."

मुलगी म्हणजे लग्न झालेलं. ते एक निंगनं गिळलं. पण नावही बदललं? एवढं लपायचं होतं माझ्यापासून? 

अंगणात म्हातारा उभा होता. केस पांढरे, पण मान तशीच जराशी तिरकी, वास घेतल्यासारखी. निंगनं हात जोडले, त्यानंही जोडले. बायको हसतमुख, लगबगीची. तिनं उकडलेला कसावा आणि चहा पुढं ठेवला. निंगनं पेला तोंडाजवळ नेला. मोगरा पहाटेचा होता.

"दुकानचा चहा यांना चालत नाही," बायको म्हणाली. "स्वतःच फुलं मिसळत बसतात."

नोटरींनी कागद उघडला. "आजोबा, नाव कधी बदललं आणि का, ते सांगा. मला लिहायचंय."

"नव्वद साली," तो म्हणाला. "इथं आलो आणि वर्षाच्या आत टायफॉइड झाला. तीन महिने अंथरुणात. मामा म्हणाला, पोराला नाव जड झालंय, पेलवत नाही. लाल-पांढरी खीर केली, गाव जेवायला घातलं आणि नाव ठेवलं स्लामेत, म्हणजे सुखरूप. वर सगळ्या गावाला ताकीद दिली, जुनं नाव कुणी घ्यायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, या नावाचं इथं कोणी नाही. नाहीतर ताप माग काढत परत येईल."

"मी पंच्याण्णवला लग्न होऊन आले," बायको हसली. "मलासुद्धा चार वर्षं पत्ता नव्हता!" आणि ती किटली भरायला आत गेली.

असले स्लामेत आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. निंगच्याच चुलत्याचं नाव असं बदललेलं. तीस वर्षांत तिला हे एकदाही सुचू नये? तिला रडू येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

किनांतीनं गठ्ठा सोडला. "काका, ही एकोणतीस पाकिटं. कंपनीनं पाठवली, तुम्हाला पोचली नाहीत. ही त्यांची यादी. बघून घ्या आणि सही करा."

तो एकेक पाकीट उलटत गेला. सगळ्यांवर टाइप केलेला पत्ता. सगळ्यांत खालचं हातात आलं आणि तो थांबला.

"हे हातानं लिहिलंय."

"क्रमांक एक. सप्टेंबर ब्याण्णव," किनांती म्हणाली. "कंपनीचंच पाकीट आहे."

त्यानं मान वर केली. "दिक," तो म्हणाला. त्या नावानं निंगला बत्तीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. "तुझ्या थोरलीचं झालं का लग्न?"

"झालं. ऑगस्टमध्ये. ब्याण्णवच्या."

तो पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघत राहिला. "मला उडत उडत कळलं होतं. दोन वर्षं मी रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहायचो. पण त्याच्या लेखी मी स्लामेत, आणि जुनं नाव घ्यायची बंदी." मग अगदी हळू विचारलं, "काय होतं यात?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. निंग म्हणाली, "बोलावणं होतं. सभेचं."

"मी आलो असतो."

"म्हणून तर हा जबाब घेतोय, काका!" किनांती म्हणाली. "वाचते, ऐका. 'वरीलपैकी एकही पत्र मला मिळालेलं नाही, आणि त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही.'"

"तक्रार नाही, असं लिहावंच लागतं?"

"लागतं."

त्यानं सही केली. दाखल्यावर निंगची साक्ष झाली. नोटरींनी मोठ्यानं वाचलं, की सुतिक्नो आणि स्लामेत हे दोघे एकच माणूस आहेत हे मी कुणाच्याही दबावाविना सांगते. "कशाच्या आधारावर ओळखता?" त्यांनी विचारलं. "एका कारखान्यात होतो," ती म्हणाली. सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर, जागच्या जागी आली.

किनांतीनं गठ्ठा परत घेतला, मोजला, पुन्हा मोजला. "एक कमी आहे."

म्हातारा खाली बघत होता. त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

"क्रमांक एक काढून टाक," निंग म्हणाली. "ते कंपनीचं नव्हतं."

किनांतीनं कपाळाला हात लावला. "बू! मग हा जबाब बाद! यादी परत टाइप करायची, नवं तिकीट, परत सही..."

"करू," निंग म्हणाली. "अठ्ठावीस लिही."