कुमुदचं नाक

दुबईच्या देरा भागातल्या एका चहाच्या कंपनीत कुमुद लागली ती टायपिस्ट म्हणून. एकदा टेस्टिंगच्या खोलीत पत्रं घेऊन गेली असताना टेबलावर चौदा कपांची रांग लागलेली होती. तिथून जाता जाता ती सहज बोलून गेली, "सर, या पाचव्याला गोणपाटाचा वास येतोय." साहेबांनी मान वर करून बघितलं, कप नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. दोन दिवसांनी कळलं की त्या मालाचा कंटेनर वाटेत भिजला होता. महिन्याभरात कुमुदचा टाइपरायटर सुटला आणि ती टेबलाशी उभी राहू लागली. चमच्याने चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, की पुढचा कप. असे दिवसाला शंभर-सव्वाशे कप, चोवीस वर्षं.

निवृत्त झाल्यावर घरात बसून राहणं तिला जमेना. कुणीतरी कोंबुचाची जाड, पांढरी साय दिली. गोड चहात ती साय सोडायची, वरून फडकं बांधायचं आणि आठ-दहा दिवस आंबू द्यायचं. मग आंबटगोड, जरा चुरचुरणारं पेय तयार होतं. खाडीपलीकडच्या बर दुबई भागातल्या त्यांच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघरालगत एक बिनखिडकीची कोठीची खोली होती. तिथे एका बरणीच्या सहा बरण्या झाल्या. नवरा गोपीनाथ एसीची कंत्राटं घेणारा. पाहुणे आले की तो म्हणायचा, "चला, आमच्या हिची ब्रुअरी दाखवतो." कुमुद विकत काहीच नव्हती. बिल्डिंगमधल्या चार घरांत बाटल्या जायच्या, तेवढंच.

त्या चारांतलं एक घर कुबराचं. ती नवरा हमीदबरोबर दोन मजले खाली राहायची. कुबरा दाभोळची, कुमुद चिपळूणची, म्हणजे गाववाल्याच. पहिली बाटली हातात घेताना कुबराने सरळ विचारलं होतं, "ताई, याने नशा नाही ना चढत? आमच्यात नाही चालत, म्हणून विचारते."

"आंबवलं की नावापुरतं काहीतरी होतंच गं, इडलीच्या पिठात होतं तेवढं," कुमुदने सांगितलं होतं. "पण मी वाढू देत नाही. वास जरा इकडचा तिकडे वाटला की सगळी बरणी ओतून देते."

"तुमचं नाक आहे, मग मला काळजी नाही," कुबरा म्हणाली होती.

गेल्या जानेवारीत कुमुदला चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी तिने आमटीला हिंगाची फोडणी दिली आणि ती कढईपाशी तशीच उभी राहिली. फोडणी तडतडत होती, पण वास नव्हता. तिने डबा उघडून हिंग नाकाशी धरला, मग कापूर, मग फिनेलची बाटली. सगळं पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना वर्षही लागतं.

तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. चोवीस वर्षं जिच्या नाकावर कंपनीने चहा घेतला, तिने कुठल्या तोंडाने सांगायचं? दूध नासलंय का हे ती उकळून बघू लागली. भाजी करपू नये म्हणून मोबाइलवर वेळ लावायची आणि जेवायला बसलं की गोपीनाथच्या चेहऱ्याकडे बघायची. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की सुटकेचा श्वास टाकायची. बरण्यांचं मात्र नेहमीसारखं चालू ठेवलं. इतक्या वर्षांचा हात आहे, तो काही विसरत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

ऑगस्टमध्ये बिल्डिंगची थंड हवेची यंत्रणा दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद होती. कोठीची खोली भट्टीसारखी तापली. पूर्वीची कुमुद दार उघडल्याबरोबर मागे सरली असती. या कुमुदने दार उघडलं, बाटल्या भरल्या, बुचं घट्ट केली आणि त्या नेहमीच्या चार घरी पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबरा वर आली. हातात रिकामी बाटली, बूच लावलेली.

"ताई, ही देताना तुम्ही वास घेतला होता का?"

"घेतला की," कुमुद म्हणाली.

कुबराने बूच काढलं आणि बाटली पुढे केली. "आता घेऊन सांगा."

कुमुदने बाटली नाकाशी धरली. तळाशी उरलेला थेंब दिसत होता. खोटं बोलायला वासाचे शब्द हाताशी होते, चहा पारखताना तेच शब्द ती आयुष्यभर वापरत आली होती. पण कुबराचे डोळे तिच्यावर खिळलेले होते.

"मला वास येत नाही, कुबरा. जानेवारीपासून."

कुबरा खुर्चीवर बसली. "या अल्ला. आणि सांगितलं नाहीत?"

"कुणी प्यायलं का?"

"नाही. हमीदनी उघडली, नाकाजवळ नेली आणि खलास, सिंकमध्ये ओतली. म्हणाले, ताईंना विचारून ये, त्यांच्या हातून असं होणार नाही." ती उठली. "ताई, बाटली बिघडली याचं मला काही नाही. आत्ता मी विचारलं तर तुम्ही 'घेतला' म्हणालात, ते लागलं."

ती गेल्यावर कुमुदने बाकीच्या तीन घरी फोन करून बाटल्या ओतून टाकायला सांगितल्या. मग गोपीनाथला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. "म्हणून जेवताना माझ्या तोंडाकडे बघायचीस होय," तो म्हणाला. "आणि मला वाटायचं, या वयात बायकोचं प्रेम वाढलं."

शनिवारी प्रणव आला, मरीना भागातल्या त्याच्या घरून, लॅपटॉप घेऊनच. त्यांचा एकुलता एक मुलगा, प्रत्येक दुःखावर त्याच्याकडे एखादी लिंक असायची. त्याने स्क्रीनवर स्टीलचं चकचकीत भांडं दाखवलं. आत पंप, बाहेर टचस्क्रीन, सगळं मोबाइलवरून चालणारं.

"आई, फुल्ली ऑटोमॅटिक आहे. टेम्परेचर, टाइम, सगळं तेच बघतं. सहा हजार आठशे दिरहम."

"म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये," गोपीनाथने मोठ्याने हिशेब केला.

"बाबा, पैशाचं सोडा. आई, तुला काही करावंच लागणार नाही."

"मग मी काय करायचं?" कुमुदने विचारलं.

"यू जस्ट रिलॅक्स."

तो चांगल्या मनाने बोलत होता, हे तिला कळत होतं. तरी "विचार करते" एवढंच ती म्हणाली.

या शहरात असल्या यंत्रांतलं कळणारा तिच्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि त्याच्या दारात जायला तिला लाज वाटत होती. हमीदचं दुकान देरात होतं. बेकऱ्या, कोल्डस्टोरेजवाले, मासळीचे व्यापारी त्याच्याकडून तापमानाचे कंट्रोलर न्यायचे. चार दिवस घालमेलीत काढून पाचव्या दिवशी ती अब्रात, खाडीवरच्या होडीत बसली, खाडी ओलांडली आणि त्याच्या काउंटरपुढे जाऊन उभी राहिली.

"हमीदभाई, त्या दिवशीचं..."

"बसा ताई. चाय मागवतो." त्याने त्या विषयाला हातही लावला नाही. चहा आला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "आधी मला सांगा, मशीनने काय करायला पाहिजे? थंड, की गरम?"

कुमुदने विचार केला. "पंचवीसच्या आसपास राहायला हवं. आठ महिने थंडच करावं लागेल. जानेवारीत थोडं गरम."

"म्हणजे दोन्ही. आणि पंचवीसचं सव्वीस झालं तर?"

"सव्वीस चालेल. तिशीच्या वर नको. तिथे बिघडायला लागतं."

"मग प्रणवच्या मशीनची गरज नाही. ते चांगलं आहे, पण त्याचं डोकं परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे. उद्या त्यांनी ते बंद केलं तर तुमच्याकडे स्टीलचं पिंप उरेल." त्याने काउंटरवर दोन छोटे डबे ठेवले, साबणाच्या वडीएवढे. दोन्हींवर लाल आकडे, दोन्हींतून निघालेली सेन्सरची वायर. "गिऱ्हाईक येतं ते विचारतं, हा किती बरोबर दाखवतो. मी सांगतो, चुकतो तेव्हा कसा वागतो ते विचारा. बघा."

त्याने पहिल्याची वायर उपटली. आकडे तसेच राहिले, जणू काही झालंच नाही. दुसऱ्याची उपटली, तर टक् असा आवाज झाला, आकडे गेले आणि डबा बीप बीप करत ओरडू लागला.

"पहिला आंधळा झाला तरी सांगत नाही," हमीद म्हणाला. "काम चालू ठेवतो. दुसरा थांबतो आणि बोंबलतो. मी घरी दुसराच लावला असता."

तो हे यंत्राबद्दलच बोलत होता. तो टोमणे मारणारा माणूस नव्हता. तरी कुमुदचे कान तापले.

"वासाचं काय?" तिने विचारलं.

"आंबटपणा मोजायचं मीटर देतो. पण वासाचं मशीन माझ्याकडे नाही, ताई. तापमान धरलं, दिवस मोजले, तर बहुतेक सगळं ठीक राहील. शेवटी मात्र कुणाचं तरी नाक लागणारच."

बीप करणारा डबा आणि मीटर घेऊन ती परतली. गोपीनाथने कुठून तरी जुना फ्रिज मिळवला, त्याला भोक पाडून सेन्सरची वायर आत घेतली आणि बरणीला चिकटवली. पहिल्या दिवशी तो दर पंधरा मिनिटांनी दार उघडून बघत होता, त्यामुळे आतलं तापमान काही स्थिर होईना. शेवटी कुमुदने त्याला बाहेर घालवलं. प्रणवला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, देअर इज नो ॲप?" आणि पुढच्या शनिवारी स्वतःच येऊन वायरी नीट बांधून गेला.

नवव्या दिवशी कुमुद दोन मजले उतरून गेली. कुबराने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"मी बाटली द्यायला नाही आले," कुमुद म्हणाली. "तुझं नाक मागायला आले. प्यायचं नाही, फक्त वास घ्यायचा आणि मला सांगायचं."

"मला काय कळतं त्यातलं?"

"मलाही कळत नव्हतं. मी टायपिस्ट होते."

कुबरा आली ती ओढणी सावरत, जरा अवघडून. पहिल्या बरणीवर वाकून म्हणाली, "आंबट. बरं आहे."

"आंबट म्हणजे कसं? लिंबासारखं, ताकासारखं?"

कुबराने डोळे मिटले. "दाभोळला मागीलदारी कोकमं वाळत घालतात ना, दुपारच्या उन्हात, तसं."

कुमुदलाही ती कोकमं दिसली, वास मात्र आला नाही. तरी तिने वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून कुबरा दर गुरुवारी अकराला यायची. कुमुद तिला कसं हुंगायचं ते शिकवायची. दोनदा लहान लहान श्वास घ्यायचे, मग बाजूला बघायचं, मग पुन्हा. कुबराचे शब्द तिचे स्वतःचेच होते. भिजलेली चटई, नवं पातेलं, शाळेच्या दप्तरात विसरलेलं सफरचंद. कुमुद त्यांची उजळणी करायची आणि कुठला शब्द बरा, कुठला धोक्याचा ते हळूहळू दोघींनाही कळू लागलं. बाटली मात्र कुबराने एकदाही घरी नेली नाही आणि कुमुदने कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी चौथ्या बरणीपाशी कुबरा थबकली. "ताई, याला नेलपॉलिशसारखं काहीतरी येतंय. थोडंच."

कुमुदने मीटर बुडवून पाहिलं. आकडा बरोबर होता. वहीतले नऊ दिवसांचे तापमानाचे आकडेही बरोबर होते, पंचवीस, सव्वीस, पंचवीस. कंट्रोलर एकदाही ओरडला नव्हता.

"नक्की?"

कुबराने पुन्हा वाकून वास घेतला. "नक्की नाही. पण मला ते माझ्या घरात नको वाटेल."

कुमुदने बरणी उचलली आणि सिंकमध्ये ओतून दिली, साडेचार लिटर. पेय गुडगुड करत निघून जाईपर्यंत दोघी बघत उभ्या होत्या. मग कुमुदने बरणी विसळून पालथी घातली आणि हात पुसले.

"दुसरीतलं थोडं द्या," कुबरा म्हणाली. "छोटी बाटली. हमीदना विचारते आधी, मग बघू."

कुमुदने दुसऱ्या बरणीतलं पेय छोट्या बाटलीत भरलं आणि बूच न लावता तिच्यासमोर धरलं. कुबराने दोन लहान श्वास घेतले, बाजूला पाहिलं, पुन्हा एकदा घेतला आणि मग बूच स्वतःच्या हाताने लावलं.