नियाजभाई मशीन दाबत नाहीत

मला राग आला की माझा आवाज तीन मजले ऐकू जातो, हे रोडपालीत आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. बत्तीस वर्षं शाळेत ओरडून ओरडून आवाज असा झालाय, आता काय करू? पण त्या शुक्रवारी मी ओरडले त्याला कारण होतं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

नियाजभाई पॉलिशवाले. पनवेलच्या मोहल्ल्यातले. मुलगा फहाद माझा विद्यार्थी, म्हणून मला ते बाई म्हणतात. त्यांचे वडील कापडाच्या बोळ्यानं लाखेचं पॉलिश चढवायचे. नियाजभाई मस्कतला फर्निचरच्या कारखान्यात अकरा वर्षं होते. तिकडून येताना लोक सोनं आणतात, अत्तरं आणतात. यांनी सँडर आणलं. लाकूड घासायचं, मुठीत मावणारं मशीन, खाली गोल तबकडी, तिला पॉलिश पेपर चिकटवायचा. तबकडी फिरते आणि फिरता फिरता थरथरते, म्हणून लाकडावर ओरखड्याची रेघ उठत नाही. त्यांची बायको फरिदा अजून म्हणते, "बॅगेतली माझ्या कपड्यांची जागा त्या मेल्यानं खाल्ली!"

या माणसाच्या कामाची तऱ्हाच वेगळी. आधी लाकडावर पेन्सिलीनं गिरगटायचं, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत मशीन फिरवायचं. मशीन कधी दाबायचं नाही. "वजन त्याचं त्याला पुरतं बाई, आपण फक्त न्यायचं आणि आणायचं." आणि शेवटी फरिदाची जुनी जॉर्जेटची ओढणी लाकडावरून ओढायची. कुठं एक धागा अडकला तरी पुन्हा घासायचं. ओढणी सरळ सरकली की ती बाजू पास. पास झालेल्या बाजूकडे ते परत बघत नाहीत.

आमच्या सोसायटीत त्यांना पाच घरांचं काम मिळालं होतं. दारं, कपाटं, देव्हारे. जाहिरात नाही, बोर्ड नाही. एकानं दुसऱ्याला नाव सांगायचं, एवढ्यावर त्यांचं घर चालतं. ते नाव गेलं की सगळं गेलं.

पहिलं काम समोरच्या केतनचं. सागवानी जेवणाचं टेबल. केतन शुक्रवारी घरूनच काम करतो. काम म्हणजे नियाजभाईंच्या मागे उभं राहून अक्कल शिकवणं. "भाई, जरा जोर लावा ना, लवकर होईल. मी व्हिडिओ बघितलेत." अरे, बघितलेस तर बघ! पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी मोरा बंदराच्या धक्क्यावरून उडी मारतं का?

दुपारी नियाजभाई जुम्म्याच्या नमाजला गेले. टेबलाची एक बाजू ओढणीनं पास केलेली, दुसरी बाकी. आल्यावर त्यांनी ती दुसरी बाजू पुरी केली, सगळं पुसलं आणि रंगाचा पहिला हात मारला. रंग बसताच पास केलेल्या बाजूवर बारीक बारीक गोल वेटोळी उमटली. शेकड्यांनी. कोऱ्या लाकडावर ती दिसत नाहीत, रंग पडला की दिसतात.

केतननं काय करावं? विचारावं, बोलावं? छे! उचलला फोन, काढला फोटो, टाकला सोसायटीच्या ग्रुपवर. 'या पॉलिशवाल्याला बोलावू नका. तीस वर्षांचं टेबल खराब केलं.' अर्ध्या तासात दोन घरांनी काम रद्द केलं. माणसाची तीस वर्षांची कमाई आणि यांचं एक बोट!

आरडाओरडा ऐकून मी समोर गेले. नियाजभाई ओरडत नव्हते. मशीन उलटं करून बघत होते. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"बाई, तुम्ही बघा. तबकडीला आठ भोकं, कागदाला आठ. भोकावर भोक बसलं तरच भुसा आत ओढला जातो. या बाजूला वापरलेला कागद हा बघा, कचऱ्यात सापडला. भोकं एक पण जागेवर नव्हती, सगळा भुसा खालीच रगडला गेला. वरून दाबलंय किती, कडा जळल्यात. असा कागद मी झोपेत पण लावणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" केतन उसळला. चोर तो चोर, वर शिरजोर!

तेवढ्यात त्याची बायको स्नेहल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अरे, ते नमाजला गेले तेव्हा तूच नव्हतास का फिरवत? मला फोटो काढायला लावलास मशीनबरोबर."

केतन कान खाजवत म्हणाला, "पाचच मिनिटं तर फिरवलं. मदत म्हणून."

मदत! मग मी जी सुटले ती सुटले. मेसेज मागे घे म्हटलं, तर पठ्ठ्यानं तो पुसून टाकला आणि लिहिलं, 'इश्यू सॉल्व्ह झाला, धन्यवाद.' कसला इश्यू, कोणी केला, अवाक्षर नाही. माझी सहनशक्ती संपली. मीच सगळं खरं खरं ग्रुपवर लिहिलं, केतनच्या नावासकट. रद्द केलेल्या दोन्ही घरांच्या दारांवर जाऊन शंख केला. एक घर परत तयार झालं, दुसरं "बघू" म्हणालं.

नियाजभाई मात्र टेबल तसंच टाकून गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत ती बाजू पुन्हा पहिल्यापासून घासली, ओढणी फिरवली, रंग दिला. मी चहा घेऊन गेले. छाती जरा फुगलेलीच होती माझी.

"नियाजभाई, लोकांना काही शरम नाही बघा. न विचारता, न बघता माणसाचं नाव मातीत घालतात. सोमवारपासून माझं दार घ्या."

त्यांनी चहा घेतला. पिऊन झाल्यावर कप विसळून माझ्या हातात दिला.

"घेतो बाई, का नाही घेणार? पण मनात ठेवून काम करणं मला जमत नाही, म्हणून बोलतो. केतनसाहेबांच्या मेसेजचा फोटो मला फहादच्या इथल्या दोस्तानं पाठवला. खाली अंगठे होते. पहिला तुमचा होता."

आमटी उतू चालली होती, फोन वाजला, मी वाचलं आणि अंगठा दिला. समोरचंच दार होतं, चार पावलांवर. मी आधी गेले नाही.

"हो," मी म्हणाले. "माझाच होता."