दाजींच्या पुस्तकातला वाघ

आमच्या दाजींवर चार पुस्तकं निघाली आहेत. एक कानडीत, एक मराठीत, दोन इंग्रजीत. चारही एकावर एक रचली तर त्यावर चढून आमच्या दुकानाच्या माळ्यावरचा माल सहज काढता येतो. मी काढलेला आहे. चारही पुस्तकांत एक वाघ आहे, आणि तो वाघ माझा आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहायला धारवाडला. मोठे चित्रकार, आणि तेही आधुनिक. इतके आधुनिक, की त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात आमच्या अप्पांनी एक चित्र उलटं लागलंय म्हणून स्वतःच्या हातानं सरळ केलं आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. यातलं अप्पा प्रदर्शनाला गेले होते, एवढं खरं आहे.

आमचं दुकान हुबळीच्या बाजारात. खण आणि इलकल लुगडी. आजोबा मिरजेकडून आले तेव्हापासून दुकानाचा एक रिवाज आहे: कापडाचं थान उघडलं की गोष्ट उघडायची. मुक्यानं माल दाखवायचा नाही. हा जांभळा रंग गुळेदगुड्डच्या एका म्हाताऱ्या विणकराला स्वप्नात दिसला, हा रुईफुलांचा काठ बघून एका देसायाची सून रडली, असं काहीतरी. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं की थाप आहे. तरी ते खणाबरोबर गोष्टही घरी नेतं आणि शेजारणीला सांगतं. अप्पा या कामात चांगले होते. मी त्यांच्याहून चांगला निघालो. हे मी अभिमानानं सांगायचो, अलीकडेपर्यंत.

दाजी दर सोमवारी धारवाडहून यायचे आणि आमच्या गादीवर, थानांच्या आडोशाला, कागद घेऊन बसायचे. बायका खण निवडताना हात कसा फिरवतात ते काढायचे. गिऱ्हाइकांना त्यांची सवय झाली होती. मग एका वर्षी ते यायचे बंद झाले.

अक्काच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, उठायचं नाही. दोन दिवाळ्या ती पाठीवर पडून होती. आमची आई आधीच गेलेली. अप्पांनी एक कामाची बाई पाठवली, ती क्षय हा शब्द ऐकून उंबऱ्यावरूनच परत फिरली. दाजींनी कुंचले बांधून ठेवले. स्वयंपाक, धुणी, भांडी, अक्काची वेणी, बेडपॅन, सगळं त्यांनी केलं. दोन वर्षं कॅनव्हासला हात लावला नाही.

आम्हाला याची लाज वाटली. साधी नाही, पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत. घरात क्षय, आणि जावई बायकोची लुगडी धुतोय. त्यात माझ्यासाठी मुली बघणं चाललेलं. अप्पा म्हणाले, "बाजारात एक शब्द जाता कामा नये." मी धारवाडला जाणंही सोडलं. कुणी बघेल, विचारेल.

पण बाजार विचारतोच. धारवाडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक बायकोसाठी खण न्यायला आले. थान उघडलेलं. त्यांनी विचारलं, "तुमचे चित्रकार दिसत नाहीत हल्ली?"

अप्पा मान वर न करता म्हणाले, "गेलेत जरा बाहेर."

"कुठं?"

आता थान उघडलेलं आणि अप्पा गप्प. मी म्हणालो, "दांडेलीच्या जंगलात."

"हौदेनरी? खरंच? कशाला?"

"बोलणंच सोडलंय त्यांनी. झोपडीत राहतात. झाडाच्या सालीचा रंग काढतात. आणि सर, रोज तिन्हीसांजेला एक वाघ येतो. दहा हातांवर बसतो. दाजी त्याच्याकडे बघतात, तो दाजींकडे. मग दोघं आपापल्या वाटेनं."

प्राध्यापकांनी दोन खण जास्त घेतले. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुलखाचा राजा झालो. पुढच्या आठवड्यात मला मुलगी पसंत पडली. म्हणजे तिच्या घरच्यांना मी.

प्राध्यापकांनीच मग दाजींवरचं पहिलं पुस्तक लिहिलं, कानडीत. त्यात वाघ अर्ध्या पानावर नुसता येऊन गेला. दुसरं पुस्तक कोल्हापूरच्या एका समीक्षकांनी लिहिलं. त्यात वाघ दोन पानं बसला आणि दाजींच्या आयुष्यातल्या त्या दोन वर्षांना 'अरण्यातलं मौन' असं नाव पडलं. तिसरं इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, पाट्याएवढं जड. त्यात वाघाला स्वतंत्र प्रकरण. तिथं तो वाघही राहिला नाही, तो दाजींचा अंतरात्मा झाला. त्या दोन वर्षांनंतर दाजींनी जी मोठमोठी पांढरी चित्रं काढली, वरून खाली लोंबणारे जाड पीळच पीळ, ती म्हणे जंगलातली मुळं आणि वेली.

अक्का एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती, "मुळं कसली? पिळून दांडीवर टाकलेली लुगडी आहेत ती. मी पडल्या पडल्या दोन वर्षं तेच बघत होते, आणि ते माझ्याकडे." मी तेव्हा हसून विषय बदलला.

दाजींनी स्वतः कधी काही खोडलं नाही. मी भेटलो की फक्त विचारायचे, "काय मेहुणेबुवा, वाघ बरा आहे ना? वेळेवर खायला घालता ना त्याला?" मीही सांगायचो, "आता दोन बछडे झालेत, दाजी." आम्ही दोघं हसायचो. अक्का हसायची नाही.

दाजी गेले. त्यानंतर बंगळूरच्या एका मुलीनं चौथं पुस्तक लिहायला घेतलं. अक्काचा मला दुकानात फोन आला.

"गुरुवारी ती येणार आहे. तू ये. खरं काय ते सांग तिला."

"तूच सांग की अक्का. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी नवऱ्याचं कौतुक करतेय. खोटं तू विकलंस, परत पण तूच घे. आमच्या डोळ्यांदेखत एकदा छापून येऊ दे, की तो माणूस दोन वर्षं माझ्यापाशी होता. जंगलात नव्हता. एवढंच पाहिजे मला."

डोळ्यांदेखत म्हणाली खरी, पण तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा आहेत.

गुरुवारी चिगरी बसनं धारवाडला गेलो. हुबळी ते धारवाड पाऊण तासाची वाट. त्या दोन वर्षांत मी ती एकदाही केली नव्हती, हे नवलूरजवळ आठवलं, आणि पुढं उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मुलगी चांगली होती. मराठी, कानडी दोन्ही नीट बोलायची, अक्काच्या पाया पडली, फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला. मी सरळ सांगून टाकलं. क्षय, प्लास्टर, धुणं, वेणी. वाघ माझा, जंगल माझं, माफ कर.

ती आधी हसली. "काका, तुमच्याबद्दल मला सावध केलं होतं सगळ्यांनी."

"खरं बोलतोय ग तो," अक्का म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा."

ती मुलगी गंभीर झाली. वही काढली. म्हणाली, "आजी, मला पटतंय. पण तीन पुस्तकांच्या विरोधात लिहायचं, तर कुणीतरी पाहिलेलं पाहिजे. सरांनी कधी नाकारलं नाही. काका, तुम्ही स्वतः काय पाहिलंत तेव्हा?"

किती साधा प्रश्न. नसलेला वाघ मी मिशीच्या केसासकट पाहिला होता. आणि पाऊण तासाच्या वाटेवर माझी सख्खी बहीण दोन दिवाळ्या पडून होती, तिथलं मी काहीही पाहिलं नव्हतं. अक्का माझ्याकडे तोंड करून बसली होती. थान उघडलेलं होतं.

"पाहिलं की!" मी म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलं. पहाटे विहिरीवर दाजी उभे, अंगातून वाफा निघतायत, एकेक लुगडं असं आपटतायत की गल्लीतली कुत्री…"

"इथं विहीर कधीच नव्हती," अक्का म्हणाली.

"म्हणजे विहिरीसारखंच ग. हौद."

"नळ होता. मागच्या दारी. अजून आहे."

मी म्हणालो, नळच म्हणायचं होतं मला. पण त्या मुलीनं पेनाला टोपण लावलं होतं. सावकाश, माझा अपमान होऊ नये अशा बेतानं. "बघते काका, कसं बसवता येतंय," म्हणाली. फोनकडे हात नेताना तिनं अक्काकडे पाहिलं नाही. मीही नाही.

ती गेल्यावर मी चपला शोधत होतो. अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "तू आला नव्हतास. तेवढंच सांगायचं होतंस."

"ते कसं सांगू?"

"जसं आहे तसं. 'लाज वाटली म्हणून गेलो नाही.' ते तिनं लिहून घेतलं असतं. असलं कुणी स्वतःवर रचून सांगत नाही."

मी एक चप्पल पायात घातली आणि म्हणालो, "दाजींनी तरी खोडायचं होतं एकदा."

"तुझ्या सासुरवाडीपर्यंत गेलं असतं ना. घरात क्षय आहे, लपवून मुलगी केली, म्हणून. आधी तुझ्या लग्नासाठी गप्प बसले. मग तुझ्या मुलींच्या लग्नांसाठी. मग बोलायचं राहून गेलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि वाघ आवडायचा रे त्यांना."

या वर्षी पुस्तक आलं. प्रत अक्काच्या पत्त्यावर आली आणि तिनं मला बोलावून घेतलं. इंग्रजी, म्हणून वाचून दाखवायला. 'अरण्यातलं मौन' प्रकरण जागच्या जागी होतं. वाघही होता. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक टीप होती. मी दोनदा मनात वाचली. अक्काला दिसत नव्हतं. मी वाटेल ते वाचून दाखवू शकलो असतो. दाजी नळाखाली बसलेत, अख्खं पान तेच आहे, असं. तोंड उघडलंही होतं.

मग टीप वाचली. "या काळात चित्रकार घरीच होते, अशी कुटुंबीयांची एक आठवण आहे. मात्र तिच्यात एकवाक्यता नाही."

"एकवाक्यता नाही म्हणजे?" अक्कानं विचारलं.

"म्हणजे मी, अक्का."

पुस्तकाच्या गुळगुळीत पानावरून तिनं हात फिरवला, आमच्या दुकानात बायका खणावरून फिरवतात तसा. मग म्हणाली, "चहा टाक. कामाची बाई आज यायची नाही."

त्या घरचा चहा मी आयुष्यभर पीत आलो, पण स्वयंपाकघरात कधी गेलो नव्हतो. पुस्तकं लिहिणारेही गेले नसणार. त्यांनाही चहा बाहेरच्या खोलीतच मिळायचा. फळीवर जुने पितळी डबे. प्रत्येकाच्या झाकणावर ऑइल पेंटचा एकेक फटकारा, जुनाट, तडे गेलेला. एकावर पिवळा, एकावर विटकरी, एकावर काळपट हिरवा.

"हे रंग कसले ग?" मी आतून ओरडलो.

"त्यांनीच लावलेत. कशात काय ते कळायचं नाही त्यांना. मी पलंगावरून सांगायचे आणि ते खूण करायचे. पिवळ्यात हळद, हिरव्यात मूग. साखर पांढऱ्यात."

पांढरे डबे दोन होते. एक दुधासारखा, एक किंचित निळसर. आता ओरडून विचारायची मला लाज वाटली. एवढं आधी कळायला हवं होतं, असं वाटलं. मी निळसर उघडला, दोन चमचे घातले, चहा नेऊन दिला.

अक्कानं घोट घेतला. कप खाली ठेवला नाही. "त्यांचाही पहिला चहा असाच झाला होता," म्हणाली. आणि सगळा प्याली. मी हातातून कप ओढायला गेलो तर हात बाजूला केला. मग मीही माझा प्यालो. मिठाचा चहा कसा लागतो ते सांगत नाही. एकदा तरी जिभेला आवर घालतो.

अक्कानं फोनवर सांगितलं, तेव्हा ती बंगळूरची मुलगी डबे बघायला येते म्हणाली आहे. बाजारात अजून कुणाला मी हे सांगितलेलं नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही. आत्ताच हे लिहिताना फळीवर चाळीस डबे होते. खोडले. सात आहेत.