मार्थाबाईचं गप्प बसणं

मी अमरावतीला मुलीकडे होते, तेव्हा मार्थाबाईच्या मुलाचा, सुरेशचा फोन आला. रविवारी सकाळी उपासनेत बसल्या बसल्याच ती गेली होती. मरणाची वेळसुद्धा हिनं कशी साधली, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुःख नंतर आलं. महिना झालाय, आता खोटं कशाला लिहू?

परतवाड्यात आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींची पाच-सहा घरं, आजोबांच्या काळात सातपुड्यापलीकडून आलेली. आमच्यात पाद्री नाही, गाणी नाहीत. रविवारी तासभर सगळ्यांनी मुकाट बसायचं. आतल्या उजेडानं, म्हणजे मनातल्या देवानं, उठवलं तरच उभं राहून बोलायचं. मी शाळेत शिकवणारी, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या, इंग्लंडातल्या पहिल्या मंडळींबद्दल मिळेल ते वाचलेली. मी बोलू लागले की लोक घड्याळाकडे बघत. मार्थाबाई चौथी शिकलेली, शिवणकाम करणारी. ती दोन वाक्यं बोलून बसली की बायांचे पदर डोळ्यांना लागत. माझा जळफळाट व्हायचा.

ती कापसाच्या नापिकीची वर्षं. बोगस बियाण्याच्या एका खटल्यात तिला अचलपूरच्या कोर्टात साक्षीला बोलावलं. शपथ घ्या म्हटल्यावर ती म्हणाली, "साहेब, मी रोजच खरं बोलतो. आज येगळी शपथ काहून?" साहेबांनी तिची साक्ष शपथेविना घेतली. शपथ नाकारली म्हणूनच पहिल्या क्वेकरांनी तुरुंग भोगला, हे मला तोंडपाठ होतं. तिला ठाऊकही नव्हतं. आणि प्लॉटच्या भानगडीत त्याच कोर्टात मी गुपचूप शपथ घेऊन आले होते…

पुढे ती जवळजवळ दर रविवारी उभी राहू लागली. ज्या घरांत नापिकीपायी माणूस जिवानिशी गेला, तिथल्या बायांबद्दल बोलायची. चुकणाऱ्याला आधी एकांतात, प्रेमानं समजवावं ही आमची जुनी शिस्त, आणि मंडळीत वडीलकीचा मान माझा. मी तिच्या घरी गेले. तिनं मशीन थांबवून चहा टाकला. मी म्हटलं, "मार्थाबाई, हल्ली तुमच्या बोलण्यात उजेड कमी आणि तुम्हीच जास्त दिसता." पोटदुखी माझी होती, नाव मी देवाचं पुढे केलं. तिनं नुसती मान हलवली. त्यानंतर अकरा वर्षं ती उपासनेत एकदाही उभी राहिली नाही. रुसली असेल, असं मी धरून चालले.

परत आल्यावर सुरेशला भेटायला गेले. आई माझ्यावर रागावली होती का, असं धीर करून विचारलं.

"राग कायले, बाई? आई म्हणे, देवानंच बाईच्या तोंडून सांगतलं मले. लय मानायची तुमाले."

तिथेही तीच वरचढ ठरली. माझ्या खोट्यातसुद्धा तिनं देव ऐकला, आणि मी…

दोष मंडळीसमोर उभं राहून कबूल करावा, हीही आमची शिस्तच. गेल्या रविवारी मी उभी राहिले. मार्थाबाई बसायची त्या खिडकीजवळच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर अजून कुणी बसत नाही, तिकडे बघत राहिले. आठवडाभर शब्द जुळवून आणले होते. ते ऐकून लोक रडतील हे मला ठाऊक होतं, आणि मला ते हवं होतं. मी तशीच खाली बसले.