कट्ट्यावरचं दूध

पोट काढून टाकल्यावर माणसाला भूक लागत नाही. माझ्यासारख्या खादाडाला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. जठराचा कॅन्सर आजूबाजूच्या लसिका गाठींपर्यंत पोचला होता, म्हणून ऑपरेशननंतर आठ कीमो ठरल्या. बायको घड्याळ बघून दिवसातून सात वेळा दोन-चार घास मऊ भात पुढं ठेवायची आणि मी तोंड वाकडं करून गिळायचो. कीमोमुळं गार भांड्याला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या. पाचव्या कीमोनंतर मी घरात सांगून टाकलं, आता बास, सहावीला मी जाणार नाही. बायको रडली. एरवी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारा दादा, माझा थोरला भाऊ, चपला घालून बाहेर निघून गेला.

मला मटणाची आठवण यायची नाही. धारोष्ण दुधासाठी मात्र जीव तुटायचा. आमच्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणतात, डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात आणि माणसं उभ्या उभ्या पितात. दादा तालमीत होता तेव्हापासून आम्ही दोघं रोज जायचो. स्वतःचे दोन पेले संपवून तो माझ्यातलं अर्धं प्यायचा आणि वर मलाच अधाशी म्हणायचा. आता पोटच नसल्यानं दुधानं मला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. कच्च्या दुधाला तर डॉक्टरांनी साफ मनाई केली होती.

एके दिवशी म्हटलं, "दादा, नुसता वास घ्यायला घेऊन चल." तो टाळायला लागला. मी हट्टच धरला, तेव्हा कुठं गाडी काढली.

"या पावणं!" गवळी ओरडला. "दोघंबी गायबच झालायसा की! थोरलं पावणं तर तुमच्या ऑपरेशनपास्नं फिरकल्यालं न्हाईत."

मी दादाकडं बघितलं. हा तर रोज सहाला "कट्ट्यावर जाऊन येतो" म्हणून बाहेर पडत होता.

"कुठं जातोस मग?"

"रंकाळ्यावर, तळ्याकाठी बसतो."

"आणि दूध?"

"सोडलंय. तुझ्या आठ सुया पुऱ्या झाल्याबिगर थेंब घ्यायचा न्हाय."

"आणि मी सहावी घेतलीच नाही तर?"

"मग ऱ्हायलं."

मला असा राग आला! कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी गवळ्याकडून पेला भरून घेतला. तो कोमट होता, बोटांना टोचला नाही. दादापुढं धरला आणि म्हणालो, "पी. मी नुसता बघतो." त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हशीकडं बघत राहिला. त्याच्या मिशीला लागलेला फेस मला बघायचा होता, दुसरं काही नको होतं. पेल्यातला फेस बसला तरी त्याचे हात सुटले नाहीत. शेवटी गवळ्यानंच पेला माझ्याकडून काढून घेतला.

सोमवारी मी सहाव्या कीमोला गेलो. मी बरा होईन याची खात्री मला तेव्हाही नव्हती. दादाला एकदा दूध पिताना बघायचं होतं.