राजा पार्कातली सीतेची वेणी

मी नव्याने जयपूरला शिकवायला आले, तेव्हा राजा पार्क या वस्तीत राहणाऱ्या सुमतीबाईंच्या घरी पेढे घेऊन गेले होते. बाईंनी ते हसून घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी पावसाचं पाणी आण की. इथल्या बोअरच्या पाण्यानं हिच्या मुळांवर क्षार चढतोय." ही म्हणजे व्हरांड्यातल्या आंब्याच्या ओंडक्याला बांधलेली सीतेची वेणी, मातीशिवाय झाडावर वाढणारी सह्याद्रीतली आमरी, म्हणजे ऑर्किड. कोल्हापूरकडे आजऱ्याला वादळात पडलेल्या फांदीवर ती बाईंच्या भावाला सापडली होती. उभ्या झाडावरून आमरी ओरबाडणं बाईंना खपत नाही. हळूहळू आम्ही सारी मराठी मंडळी, लष्करी छावणीत राहणाऱ्या मराठी वहिनींसकट, त्यांच्याकडे पावसाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ लागलो. काय ते दिवस होते!

लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटली की व्हरांड्यात ओली गोणपाटं लागत. घरातला एकुलता कूलर कुणाकडे तोंड करून असे, हे सांगायला नकोच.

एकदा भावाच्या आजारपणात बाई, वेणीला पाणी घालायला शेजारच्या माथुरभाभींना सांगून, महिनाभर आजऱ्याला राहिल्या. भाऊ गेले. बाई परतल्या तेव्हा मी सोबत होते. वेणी कुंडीत, शेणखताच्या मातीत पुरलेली. माथुरभाभी कौतुकाने म्हणाल्या, "बेचारी हवा में लटक रही थी, दीदी. हमने मिट्टी दे दी."

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझा हात दाबला. "भाभी, पहले चाय पिलाओ."

चहानंतर त्यांनी कुंडी उपसली. मुळं कुजलेली, शेंड्याजवळची तेवढी हिरवी. बाईंनी कुजकं कापलं, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, उरलेला तुकडा ओंडक्याला बांधला आणि भाभींच्याच गॅलरीत टांगला. रोज काय करायचं तेही शिकवलं. भाऊ गेल्याचं आणि वेणी त्यांनीच दिल्याचं मात्र बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "आत्ता सांगितलं असतं तर तिनं जन्मभर मनाला लावून घेतलं असतं." मग पदर डोळ्यांना लावला.

कित्येक वर्षं नुसती पानंच येत राहिली. या उन्हाळ्यात भाभींनी हाक मारली. गुलाबी-पांढरा घोस ओंडक्याखाली लोंबत होता. बाई घोसावरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "मेरे भैया ने दी थी." गेलेल्या भावाची आठवण आपण मातीत पुरली होती आणि बाईंनी ते इतकी वर्षं पोटात ठेवलं, हे भाभींना उमगलं. त्यांनी बाईंना जवळ घेतलं आणि दोघी पोटभर रडल्या.

आज बाईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांना ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. आणि बाई, एक मागणं आहे. दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं एकट्याने सोसलंत, आता दुखलं-खुपलं तर आम्हाला सांगत जा.